सारखा थकवा का येतो? ताण, ताट आणि पेशींतली ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला आहारसल्ल्याचं काम करते. समोरच्या खुर्चीतला माणूस वजन, शुगर, कोलेस्टेरॉल असं काहीही घेऊन आलेला असो, उठता उठता एक वाक्य हमखास येतं: "आणि हो मॅडम, अंगात ताकदच राहत नाही." त्या 'आणि हो'साठी हे पान. प्रश्न लोकांचेच आहेत आणि भाषाही शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान आणि औषधं त्यांच्याकडूनच.

पेशींतली ऊर्जा म्हणजे नक्की काय? जेवलं की ताकद येते, एवढं पुरेसं नाही का?

जेवण म्हणजे पाचशेची नोट. बेस्टच्या बसमध्ये ती पुढे केली की कंडक्टर कसा बघतो, ते आठवा. स्नायूचंही तसंच आहे, त्याला सुटे लागतात. हे सुटे म्हणजे एटीपी नावाचा रेणू. बोट हलवणं, हृदयाचा ठोका, हे वाचताना डोक्यात चाललेला विचार, सगळा व्यवहार याच नाण्यांत होतो. शरीरात एका वेळी एटीपी पाव किलोच्या वर नसतं, पण तेच इतक्या वेळा मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं की दिवसाची उलाढाल जवळपास आपल्या वजनाएवढी भरते.

सुटे करून देणारं दुकान म्हणजे तंतुकणिका, शाळेच्या पुस्तकात आपण आकृती काढून नावं दिलेली तीच. मायटोकॉन्ड्रिया म्हटलं तरी चालेल. ग्लुकोजचा एक रेणू तिथपर्यंत न पोहोचता बाहेरच अर्धवट मोडला तर हातात २ एटीपी पडतात. तंतुकणिकेत प्राणवायूबरोबर पूर्ण जळला तर ३०च्या आसपास. फरक एवढा मोठा आहे.

या दुकानाला सामान लागतं. बी१, बी२, बी३ ही जीवनसत्त्वं लागतात. इलेक्ट्रॉन पुढे पुढे नेणारी जी साखळी असते तिच्यात जागोजागी लोह बसलेलं असतं. एटीपी स्वतः मॅग्नेशियमला धरूनच काम करतं. आणि प्राणवायू तिथवर आणायला हिमोग्लोबिन, म्हणजे पुन्हा लोहच. म्हणून माझ्या टेबलावर लोहाची चौकशी सगळ्यात आधी होते.

जाता जाता: एटीपीचा शोध १९२९चा. जर्मनीत कार्ल लोहमान आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव, असा दोन्हीकडे साधारण एकाच वेळी लागला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

दिवसभर काही ना काही खाते, तरी गळून जाते. असं कसं?

खाण्याची वही लिहून आणा, असं मी सांगते. अंबरनाथहून येणाऱ्या एका बाईंची वही अशी होती: पहाटे पाचला चहा आणि दोन बिस्किटं. साडेसहाला सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उरलेली अर्धी पोळी, उभ्या उभ्या. ऑफिसात चहा. दीड वाजता डबा, दोन पोळ्या आणि बटाट्याची काचऱ्या केलेली भाजी. चारला चहा, खारी. घरी जाताना स्टेशनबाहेर वडापाव. रात्री साडेनऊला भात आणि पातळ वरण.

कॅलरी मोजल्या तर कमी नाहीत. पण वही परत वाचा: मैदा, बटाटा, साखर, तांदूळ, आणि पाण्यासारखं वरण. नोटा येतायत, पण सुटे करणाऱ्या दुकानात सामान नाही. त्याच बाई संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मेथीची जुडी निवडत बसतात. ती मेथी घरी गेल्यावर नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात आधी जाते, यांच्या वाट्याला कढईला चिकटलेलं.

आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींत लोहाची रोजची गरज पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि पाळी चालू असलेल्या बाईला २९ मिलिग्रॅम धरली आहे. घरात भाजी वाढताना हे आकडे उलटे होतात.

हिमोग्लोबिन ११.६ आहे. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरलाइन आहे, काळजी नको. मग थकवा कशाचा?

गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ १२ची आहे, पुरुषासाठी १३ची. ११.६ म्हणजे ॲनिमियाच, सौम्य असला तरी. आपल्याकडे तो इतका सर्रास आहे की डोळ्यांना सवय झाली आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला.

शिवाय हिमोग्लोबिन हा शेवटी पडणारा आकडा आहे. आधी साठा रिकामा होतो, आणि तो दिसतो फेरिटिन नावाच्या तपासणीत. माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. धाकटा दोन वर्षांचा असताना दादरचा पूल चढताना मी मध्येच कठडा धरून उभी राहायचे. हिमोग्लोबिन १२.१. एका दवाखान्यात सांगितलं, "टेन्शन घेऊ नका, फिरायला जा." सात महिन्यांनी दुसरीकडे फेरिटिन करून घेतलं, ते ८ आलं. पंधराच्या खाली म्हणजे साठा संपल्यात जमा, आणि बरेच डॉक्टर तर ३०च्या खालीही उपचाराचा विचार करतात. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲनिमिया नसलेल्या, पण फेरिटिन ५०च्या खाली असलेल्या थकलेल्या बायकांना बारा आठवडे लोह दिलं, तेव्हा औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा थकवा जास्त उतरला.

दोन खाचाखोचा आहेत. ताप किंवा शरीरात कुठे सूज असली की फेरिटिन फुगलेलं दिसतं, त्यामुळे आजारपणात केलेला रिपोर्ट फसवतो. दुसरं म्हणजे रिपोर्टमधला एमसीव्ही, तांबड्या पेशीचा आकार. तो ८०च्या खाली असला की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही तो खालीच असतो, आणि मुंबईत सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत तो जास्त दिसतो. असा दोष असलेल्यांना नसलेल्या कमतरतेसाठी वर्षानुवर्षं लोह खाऊन काही मिळत नाही.

बीट, खजूर आणि गूळ खाल्ला की लोह वाढतं ना?

बीटचा रंग लाल आहे, एवढंच. लोहाच्या बाबतीत ते मेथी, चवळी, राजगिरा, आळीव, तीळ यांच्या पंगतीत बसत नाही. गुळात लोह आहे, पण चहात टाकलेल्या चमचाभर गुळानं काय होणार?

वनस्पतींतलं लोह शोषायला अवघड असतं. त्यावर आपल्या स्वयंपाकघरात तीन चांगल्या सवयी आधीपासून आहेत. मटकी-मूग मोड आणून खाणं, कारण मोड आल्यावर लोह अडवणारं फायटेट कमी होतं. लोखंडी कढई, विशेषतः आंबट पदार्थाला. आणि ताटात डावीकडे वाढलेली लिंबाची फोड. ती फोड शोभेची नाही, क जीवनसत्त्व लोह आत घेऊन जातं. फक्त ते उष्णतेनं नासतं, म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न घालता पानावर पिळा. मासे खाणाऱ्यांचं बरं आहे, त्यांतलं लोह सहज शोषलं जातं आणि बरोबरच्या डाळी-भाजीतलं लोह शोषायलाही मासा हातभार लावतो.

गोळ्या सुरू असतील तर चहा-दुधाबरोबर घेऊ नका. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. एकाआड दिवशी घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं आहे. आणि हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून गोळी लगेच थांबवायची नसते, साठा भरायला पुढे काही महिने लागतात.

आम्ही शुद्ध शाकाहारी. बी१२ची भानगड काय आहे?

बी१२ वनस्पतींत नाही. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण यांत आहे. इडलीचं पीठ आंबवलं म्हणून त्यात पुरेसं बी१२ येत नाही, आणि स्पिरुलिनाच्या गोळ्यांवरही विसंबू नका. शाकाहारी माणूस दूधही फक्त चहापुरतं घेत असेल तर बहुतेक वेळा गोळी किंवा इंजेक्शन लागतंच. डायबेटिसची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेली ॲसिडिटीची गोळी, दोन्ही बी१२ आणखी खाली नेतात.

बी१२ कमी झालं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी झालं की लहान. दोन्ही एकदम कमी असेल तर? सरासरी बरोबर मधोमध येते आणि एमसीव्ही नॉर्मल दिसतो. आपल्या शाकाहारी घरांत हे सारखं होतं. अशा वेळी रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांत किती फरक आहे हे सांगणारा आकडा वाढलेला असतो, तो बघायला सांगा. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा असेल तर थांबू नका, मज्जातंतूंचं नुकसान वेळेत थांबवलं नाही तर ते भरून येईलच असं नाही.

इथे एक मुंबईची गोष्ट सांगायलाच हवी. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा शोध घ्यायला मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून त्यांनी या बायकांच्या खाण्याचा अभ्यास केला आणि शेवटी इलाज सापडला तो यीस्टच्या अर्कात, म्हणजे पावाला लावून खायच्या मार्माइटमध्ये. त्यातला गुणकारी पदार्थ 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला. तेच फॉलिक ॲसिड. पुढे १९४५मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीत ज्या चमूनं ते प्रयोगशाळेत तयार केलं, त्याचे प्रमुख होते सुब्बाराव, आपले एटीपीवालेच.

तेव्हापासून एक सावधगिरी चालत आली आहे: बी१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं बिघडत राहतं.

टेन्शननं खरंच शरीर थकतं, की ते मनाचे खेळ?

शरीरच थकतं. ८:०७ची फास्ट सुटताना दिसली की तुम्ही जिने उतरत धावता, तेव्हा ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल यकृतातून साखर सोडायला लावतात. धावायला ती लागतेच. गाडी मिळाली, बसायला चौथी सीट मिळाली, की यंत्रणा खाली यायला हवी. साहेबांचा मेसेज, घराचा हप्ता, सासऱ्यांचं डायलिसिस यांत धावायचं कुठेच नसतं, पण हुकूम मात्र तेच सुटत राहतात. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर वर आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, असा त्याचा दिनक्रम. तो बिघडला की झोप उथळ होते. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं की स्नायूंतली प्रथिनं मोडतात, इन्सुलिनचं काम अवघड होतं.

गंमत म्हणजे कॉर्टिसॉल बनवण्याची पहिली आणि शेवटची पायरी तंतुकणिकेतच घडते. ऊर्जा देणारं आणि ताणाचा निरोप तयार करणारं दुकान एकच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मार्टिन पिकार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध केला. या आयांच्या पांढऱ्या पेशींतल्या तंतुकणिकांची क्षमता इतर आयांपेक्षा कमी दिसली, आणि आदल्या रात्रींचा मूड बरा असेल तर ती बरी दिसली. अभ्यास छोटा आहे, यावरून मोठी इमारत उभी करू नये. पण "सगळं डोक्यात आहे" असं ज्यांना ऐकवलं जातं, त्यांनी तो लक्षात ठेवावा.

कामाच्या ताणानं येणाऱ्या बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटना आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते. माझ्या अनुभवात त्यावर कुठलंही ताट पुरं पडत नाही. तिथे रजा, कामाचे तास आणि घरात कुणी काय करायचं, याचीच बोलणी करावी लागतात. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे.

रीलवर 'ॲड्रिनल फटीग' बघितलं. माझ्यात सगळी लक्षणं आहेत!

सगळ्यांतच असतात, यादीच तशी केलेली असते. ताणानं ॲड्रिनल ग्रंथी दमतात हे निदान वैद्यकशास्त्र मानत नाही. ग्रंथी खरंच निकामी होते तो ॲडिसन्स नावाचा दुर्मिळ, गंभीर आजार. त्याची वेगळी तपासणी आहे आणि उपचारही. रीलखालच्या लिंकवरची भुकटी नको.

चहा प्यायला की तरतरी येते. मग त्यात ऊर्जा असते का?

कटिंगमध्ये ऊर्जा असते ती साखर-दुधाची, थोडीशी. तरतरी वेगळीच. एटीपी मोडत मोडत गेलं की अ‍ॅडेनोसिन उरतं. मेंदूत ते दिवसभर साचतं आणि झोप येते. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, त्यामुळे निरोप पोहोचत नाही. थकवा तिथेच असतो. निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सातचा चहा रात्री बारालाही आत असतो.

आणि तो जेवणाबरोबर घेतला तर त्यातले टॅनिन लोह अडवतात. मी चहा सोडा असं कुणाला सांगत नाही. सांगून कुणी ऐकलेलं नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच.

ताकदीची बाटली चढवून घेऊ का? किंवा कोक्यू१०, एनएडी वगैरे?

सलाइनमध्ये पिवळं बी-कॉम्प्लेक्स टाकून चढवतात, त्यानं दोन दिवस बरं वाटतं. पाणी कमी पडलेल्या माणसाला पाणी मिळालं, अर्धा तास आडवं पडायला मिळालं. त्यातलं किती बाटलीमुळे, हे तुम्हीच ठरवा. पाण्याचा मुद्दा गंभीर आहे बरं का: दीड-दोन तासांचा प्रवास आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था बघून कित्येक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत त्यानं डोकं धरतं, अंग गळतं.

कोक्यू१० तंतुकणिकेत खरोखर असतं, पण ते बाहेरून घेऊन साधा थकवा जातो याला भक्कम आधार नाही. एनएडीच्या महागड्या ड्रिपचंही तेच. त्या पैशांत फेरिटिन, बी१२ आणि थायरॉइडची तपासणी होऊन वर रिक्षाभाडं उरेल.

व्यायाम करू का? आधीच जीव नाही अंगात.

याचं उत्तर दोन माणसांना दोन वेगळं आहे, आणि चुकलं तर नुकसान होतं.

बसून बसून, झोप कमी होऊन, अंगाची सवय गेल्यामुळे आलेला थकवा असेल, तर चाला. सातत्यानं चालल्या-धावल्यानं स्नायूंतल्या तंतुकणिका वाढतात, हे जॉन हॉलोझी यांनी १९६७ सालीच उंदरांवर दाखवून दिलं होतं. एक स्टेशन आधी उतरा, शिवाजी पार्कला एक फेरी मारा. पहिले काही दिवस कंटाळा, मग बरं वाटायला लागतं.

पण काही जणांचं असं होतं की रविवारी कपाट आवरलं आणि सोमवारी-मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही. घसा दुखतो, डोक्यात धुकं, झोपून उठलं तरी झोप झालेली नाही. श्रमानंतर, कधी दिवसभरानं, असं कोसळणं ही एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकाळ थकवा राहणाऱ्या आजाराची मुख्य खूण. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५मध्ये ठरवलेल्या निकषांत सहा महिन्यांहून जास्त थकवा, हे कोसळणं आणि न भागणारी झोप, शिवाय विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, यांचा समावेश आहे. कोविडनंतर असे लोक जास्त भेटू लागले. यांना "थोडं थोडं वाढवत न्या" हा सल्ला महागात पडू शकतो. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१मध्ये ठरावीक पद्धतीनं व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. अशा रुग्णांनी ताकदीच्या आत राहायचं, कोसळायच्या आधी थांबायचं. या आजाराची एकच अशी रक्ततपासणी नाही आणि बरं करणारं औषधही नाही. आहारानं तो जातो असं कुणी सांगितलं तर पाकीट सांभाळा.

एकादशीला, संकष्टीला फार गळाल्यासारखं होतं.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीला खरा आधार दाण्याच्या कुटाचा असतो, तो सढळ हातानं घाला. राजगिरा, वरई, दही, ताक जास्त बरं.

लोकलमध्ये बसल्या बसल्या झोप लागते, ती धरायची का?

धरा, पण रात्रीची भरपाई समजू नका. मोठ्यानं घोरत असाल आणि दिवसा कुठेही डोळा लागत असेल तर झोपेत श्वास अडकतोय का, हे तपासून घ्या.

कुठल्या तपासण्या करू आणि डॉक्टरांकडे कधी जाऊ?

थकवा दोन-तीन आठवड्यांवर गेला की जा. साधारणपणे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी१२, टीएसएच (थायरॉइड), शुगर, किडनी-लिव्हर इथून सुरुवात होते. ड जीवनसत्त्वही बघतात. महापालिकेच्या 'आपला दवाखाना' केंद्रांत बऱ्याच तपासण्या मोफत होतात. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दी-ॲलर्जीच्यासुद्धा. काहींनी सुस्ती येते.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणी आधी. काळी शौच, खूप रक्तस्राव होणारी पाळी, जिन्यावर धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यांत माझ्याकडे येऊन वेळ घालवू नका.

मॅडम, तुम्ही स्वतः काय खाता?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात जास्त वेळा येतो. आजचा डबा: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, काकडी, पेरू अर्धा. लिंबाची फोड वेगळ्या डबीत. मेथी निवडून फ्रिजमध्ये आहे, रात्री होईल, आणि हल्ली ती मी स्वतःला आधी वाढून घेते. चहा साडेतीनला.